चिन्हांचा भुर्दंड विद्यार्थ्याने का भरावा?

गणिताचा गृहपाठ टाइप करून द्यावा की हाताने लिहून त्याचा फोटो पाठवावा, या वादात दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात आणि दोन्ही बाजू विद्यार्थ्यालाच शिस्त लावायला निघतात. एक बाजू म्हणते, पुढचे सगळे काम संगणकावरच व्हायचे आहे, तेव्हा मुलांनी आत्तापासून चिन्हे टाइप करायला शिकावे. दुसरी म्हणते, गणित कागदावरच होते, कीबोर्डवर बोटे आपटून कोणाला प्रमेय सुचले आहे? सवय लावायची ती विद्यार्थ्याला आणि त्रास सोसायचा तोही त्यानेच, हे मात्र दोघांनी गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. गणिती चिन्हे सहज लिहिता येणे हा गणित शिकवण्याचाच भाग आहे. जो टाइप केलेला गृहपाठ मागतो, त्याने ती चिन्हे सोप्या रीतीने उमटवायची सोय आधी दिली पाहिजे. ती सोय होत नाही तोवर हाताने लिहिलेल्या उत्तराला, एकही गुण न कापता, तेवढाच मान मिळाला पाहिजे.

ही मागणी म्हणजे मुलांचे लाड, असे ज्यांना वाटते त्यांनी चिन्हांचा इतिहास पाहावा. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापील पुस्तकात वापरले. ‘अमुक हे तमुकाच्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळावा, हे कारण त्याने स्वतःच दिले आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींसाठी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी आद्याक्षरे येतात आणि ऋण राशीच्या डोक्यावर टिंब येते. पूर्ण शब्दांत मांडलेले समीकरण डोक्यात धरून ठेवणे अवघड असते, आद्याक्षरांत मांडलेले नजरेच्या एका टप्प्यात येते. चिन्ह जन्माला येते तेच मुळी लिहिण्याचे श्रम कमी करून विचाराला जागा मोकळी करण्यासाठी. मग तेच चिन्ह उमटवायला त्यामागच्या विचारापेक्षा जास्त श्रम पडू लागले, तर चिन्हाचे प्रयोजनच उरले कुठे?

वर्गसमीकरण सूत्राने सोडवणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होते ते पाहा. कागदावर एक लांब आडवी रेघ, वर वर्गमूळ, खाली छेद, झाले काम. कीबोर्डवर वर्गमूळाची कळ नाही. अधिक-उणेचे जोडचिन्ह नाही. वर्ग दाखवायचा तर दोनाचा आकडा वर कसा चढवायचा ते शोधावे लागते. मग कुठून तरी चिन्ह कॉपी करून आणायचे, पेस्ट करायचे, तोवर ‘ऋण ब’ लिहिला होता की नाही हे विसरायचे. एका ओळीत हे निभते. पाच पायऱ्यांच्या उदाहरणात विद्यार्थी पायऱ्या गाळू लागतो, आणि त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते. पुढचे नुकसान याहून सूक्ष्म आहे. तो एक-तृतीयांशाऐवजी ०.३३ लिहितो, दोनाच्या वर्गमूळाऐवजी १.४१ लिहितो, कारण दशांश चिन्ह कीबोर्डवर आहे, करणी आणि अपूर्णांक नाहीत. म्हणजे कोणती संख्या लिहायची हे गणिताने न ठरवता कळांनी ठरवले. नेमके मूल्य आणि अंदाजे मूल्य यांतला फरक वर्षभर समजावायचा आणि गृहपाठाच्या साधनानेच तो पुसून टाकायचा, याला शिक्षण म्हणता येत नाही.

कीबोर्ड असा का आहे? बाजारात यशस्वी झालेला पहिला टंकयंत्राचा नमुना १८७४ साली विक्रीला आला तो पत्रे आणि कचेरीचे कागद लिहिण्यासाठी. पुढे कित्येक वर्षे अनेक टंकयंत्रांवर एक या आकड्याचीही कळ नसे, इंग्रजी छोटे ‘एल’ अक्षर दाबून भागवत. जिथे एकालाच जागा नव्हती तिथे वर्गमूळाला कोण विचारणार? संगणक आले तेव्हा त्यांनी ही मांडणी जवळपास जशीच्या तशी उचलली. १९५७ सालच्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेने गुणाकारासाठी तारा (*) घेतला आणि घातांकासाठी दोन तारे, कारण गुणाकाराची फुली आणि ‘एक्स’ हे अक्षर यंत्राला वेगवेगळे दाखवायची सोय नव्हती. आज घातांकासाठी दाबतो ती टोपी (^) १९६३ सालच्या आस्की संकेतावलीत (संगणकासाठी अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या यादीत) वर जाणारा बाण होती, १९६७ च्या आवृत्तीत तिची टोपी झाली. यातला एकही निर्णय शिकणाऱ्या मुलाचा विचार करून घेतलेला नव्हता. त्या निर्णयांपुढे मुलाने मान तुकवावी अशी अपेक्षा करणारे लोक एका जुन्या तडजोडीला निसर्गनियम समजत आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. गणिताची चिन्हे यंत्रापुढे नेहमीच वाकत आली आहेत, मग आजच तक्रार कशाला? हे खरे आहे आणि मी ते पूर्ण मान्य करतो. छापणाऱ्याला एका ओळीत बसवता येतील अशी चिन्हे निवडावीत याबद्दल जर्मन गणितज्ञ लायब्निझ आग्रही होता. भागाकारासाठी त्याने विसर्गासारखी दोन टिंबे घेतली त्यामागे हीच सोय होती. अपूर्णांकासाठी तिरपी रेघ वापरावी असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गणितज्ञ डी मॉर्गनने सुचवले आणि १८८० साली गणितज्ञ स्टोक्सने आपल्या संग्रहित लेखांत ती वापरून रूढ करायला मोठा हातभार लावला. हेतू एकच, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचे हाल कमी व्हावेत आणि पानावरची जागा वाचावी.

पण या उदाहरणांत श्रम कोणाचे होते तेही पाहायला हवे. स्टोक्स विचार करताना कागदावर हव्या तशा उभ्या-आडव्या मांडणीत लिहीत होता. ओळीत बसवण्याची कसरत नंतर होत होती आणि ती दुसरा कुशल माणूस करत होता, मोबदला घेऊन. छापखाने गणिताच्या मजकुराला साध्या मजकुरापेक्षा जास्त दर लावत, कारण तो जुळवायला वेळ लागतो हे सर्वांना ठाऊक होते. ती व्यवस्था ढासळू लागली तेव्हा काय झाले? १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथच्या हाती त्याच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. ती इतकी कुरूप होती की त्याने हातातले काम थांबवून गणित जुळवणारी ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली, आणि तिच्यात त्याची वर्षे गेली. संगणकशास्त्रातल्या पहिल्या फळीच्या माणसाला जे काम इतके मोठे वाटले, ते आज आपण शाळकरी मुलाकडून रात्री साडेअकराला, बारा वाजायच्या मुदतीआधी, फुकट करून घेतो. गणित करणारा आणि खिळे जुळवणारा हे दोघे आता एकाच मुलात कोंबले आहेत, आणि तपासताना गुण मात्र दोघांच्या चुकांबद्दल कापले जातात.

त्या चुका वेगळ्या काढता येत नाहीत, हे मला सर्वांत गंभीर वाटते. कागदावरचे गणित नुसत्या ओळीत नसते. जागा, उंची, रेघेची लांबी हेही अर्थ सांगतात. √९+१६ असे टाइप केलेले दिसले तर उत्तर ५ की १९? वर्गमूळाचे चिन्ह १५२५ साली गणितज्ञ रुडॉल्फच्या पुस्तकात छापले गेले तेव्हा त्याला वरची आडवी रेघ नव्हती, त्यामुळे मूळ कुठवर पोचते हे वेगळे सांगावे लागे. ती रेघ चिन्हाला जोडली देकार्तने, १६३७ साली. साध्या चौकटीत टाइप करणाऱ्या मुलाला आपण १६३७ च्या मागे नेऊन उभे करतो आणि वर विचारतो की तुझी पदावली संदिग्ध का? अपूर्णांकाच्या रेघेचेही तेच. ती रेघ भागाकार दाखवते आणि मुकाट्याने दोन कंसांचे कामही करते. ती सपाट केली की (१+२)/(३+४) हे १+२/३+४ होऊन बसते, आणि तीन-सप्तमांशाच्या जागी पाच पूर्णांक दोन-तृतीयांश येते. हे लिहिणाऱ्या मुलाला अपूर्णांक कळत नाही की कंसांची गरज कळली नाही? तपासणाऱ्याला ते समजण्याचा मार्ग नाही. यंत्रांचेही आपापसांत एकमत नाही. -२^२ याचे उत्तर एक्सेल ४ देते, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तोच घातांक दोन ताऱ्यांनी लिहिला की -४ येते, आणि गणिताच्या रूढ संकेतानुसार -४ बरोबर आहे. २^३^२ चे एक्सेलमध्ये ६४ होतात, संकेतानुसार ५१२ व्हायला हवेत. यंत्रे बनवणाऱ्यांना जे एकसारखे जमलेले नाही त्याबद्दल नववीतल्या मुलाला दोष कसा द्यायचा?

इथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे मला खरोखर पटते. सपाट ओळीत पदावली लिहायला शिकल्याने तिची रचना कळते. कोणती क्रिया आधी, कोणती नंतर, कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, याचा विचार करावाच लागतो. पुढे प्रोग्रॅमिंग करताना याचा मोठा उपयोग होतो. मग ते शिकवा ना! त्याचा स्वतंत्र धडा करा, कागदावरची पदावली ओळीत आणि ओळीतली कागदावर अशी उलटसुलट उदाहरणे द्या, त्याचे वेगळे गुण ठेवा. भूमितीच्या किंवा त्रिकोणमितीच्या गृहपाठात ते कौशल्य न शिकवता गृहीत धरणे आणि नसल्याबद्दल दंड करणे ही निराळी गोष्ट झाली.

आता ‘हातानेच लिहा’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची बाजू मला मनापासून जवळची आहे. कच्चे काम, आकृत्या, खाडाखोड, समासातली आकडेमोड यांना कागदाइतके चांगले दुसरे साधन अजून नाही, आणि विचार करायच्या वेळी मुलाला कीबोर्डकडे ढकलू नये हे मीही म्हणतो. पण कागदाचा फोटो हा सगळ्यांसाठी तोडगा होत नाही. फोटोतले एक चिन्ह दुरुस्त करायचे तर पान पुन्हा लिहावे लागते. शिक्षकाला त्यातली तिसरी ओळ उचलून ‘इथे काय झाले पाहा’ असे उत्तरात लिहिता येत नाही. मित्राला शंका विचारताना अर्धे समीकरण फोटोत आणि अर्धे शब्दांत जाते. ज्याचा हात लिहिताना थरथरतो किंवा जो पेन धरूच शकत नाही, त्याच्यासाठी ‘हाताने लिही’ हा सल्ला म्हणजे दार लावून घेणेच आहे.

आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे काय? अब्राहम नेमेथ जन्मापासून दृष्टिहीन होता आणि त्याला गणितच करायचे होते. उपलब्ध ब्रेलमध्ये उच्च गणित नीट लिहिता येत नव्हते, म्हणून त्याने स्वतः संकेतपद्धती रचली. १९५२ साली ती प्रसिद्ध झाली आणि आजही नेमेथ संकेत म्हणून वापरात आहे. नेमेथ पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्यात जिद्द होती, बुद्धी होती, पण चिन्हे हाती आल्याशिवाय दोन्हींना वाट मिळत नव्हती. आज पडदावाचक सॉफ्टवेअर समीकरण मोठ्याने वाचून दाखवू शकते, ब्रेलमध्ये उतरवू शकते, अट एवढीच की ते समीकरण मॅथएमएलसारख्या अर्थ जपणाऱ्या रूपात असावे. हे मानक १९९८ पासून आहे. फोटोतल्या समीकरणापुढे ते सॉफ्टवेअर मुके होते. वर्गातले एक मूल जरी असे वाचत असेल, तरी सगळे गणित फोटोंत पाठवण्याचा नियम त्याला गटातून बाहेर काढतो.

तिसरा पक्ष लेटेकवाल्यांचा. लेटेक हे लेस्ली लॅम्पोर्टने १९८० च्या दशकात टेकवर उभारलेले साधन, आणि संशोधनाच्या जगात त्याला तोड नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा मजकूर आजही फारशी डागडुजी न करता छापता येतो, आणि ज्याला गणितात पुढे जायचे आहे त्याने ते कधी तरी शिकावेच. पण आज ज्याला परिमेय संख्या समजून घ्यायच्या आहेत त्याला त्यासाठी आधी महिरपी कंसांच्या जोड्या आणि आज्ञांची नावे पाठ करायला लावणे हा क्रम उलटा आहे. एक कंस मिटायचा राहिला की इंग्रजीतल्या चूकसंदेशांची रांग लागते आणि मूल गणित सोडून ती रांग निस्तरत बसते. प्रवीण माणसाला सोपे वाटते म्हणून ते नवख्यालाही सोपे असेल, हे गृहीतक मी शिक्षणात फार वेळा पाहिले आहे आणि ते क्वचितच खरे ठरते.

राहिला प्रश्न आळसाचा आणि नक्कल करण्याचा. टाइप केलेले उत्तर चटकन नकलता येते, हे खरे. पण फोटोही एका स्पर्शात पुढे पाठवता येतो, आणि वहीवरून वही उतरवणे तर या सगळ्याच्या आधीपासून आहे. नक्कल रोखायची असेल तर प्रश्न बदला, तोंडी विचारा, पायऱ्यांचे कारण लिहायला सांगा. चिन्हे अवघड ठेवल्याने नक्कल करणाऱ्याचे काही बिघडत नाही. तो तयार मजकूर उचलतो. अडतो तो स्वतः सोडवणारा.

मग सोपे म्हणजे कसे? खास गणिती कीबोर्ड हे उत्तर नाही, असे मला एका जुन्या प्रयोगावरून वाटते. केनेथ आयव्हर्सनची एपीएल ही प्रोग्रॅमिंग भाषा गणिती चिन्हांनीच लिहिली जाई. १९६० च्या दशकात तिच्यासाठी टंकयंत्राचा, चिन्हे कोरलेला खास गोळा आणि कळांवर खास चिन्हे आली. चिन्हव्यवस्था हे विचाराचे साधन असते, हाच आयव्हर्सनच्या १९७९ सालच्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानाचा विषय होता, आणि मला तो तंतोतंत पटतो. तरी ती भाषा मोजक्या जाणकारांपुरतीच राहिली. कारणे अनेक आहेत, पण वेगळा कीबोर्ड लागणे हे त्यांतले एक नक्कीच. नवे यंत्र आणायची गरज नाही, हातात आहे त्या कळांवरून मुलाने स्वाभाविकपणे जे लिहिले त्याचे रूप त्याच्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहिले पाहिजे. तिरपी रेघ दाबली की आडव्या रेघेचा अपूर्णांक, टोपी दाबली की आकडा वर. २००७ च्या वर्डपासून समीकरणाच्या चौकटीत हे होते आहे, आणि ब्राउझरमध्ये असे करणारी मोफत साधनेही आहेत. तंत्रज्ञान अडलेले नाही, गृहपाठ घेणाऱ्यांनी ते मागितलेले नाही.

चिन्हांचा संचही त्या-त्या गृहपाठापुरता असावा. युनिकोड या जगभरच्या अक्षरचिन्हांच्या संकेतावलीतल्या गणिती क्रियाचिन्हांच्या नुसत्या मुख्य विभागात २५६ जागा आहेत. त्या सगळ्या मुलापुढे ओतून ‘आता शोध’ म्हणणे ही सोय नव्हे. भूमितीच्या प्रकरणाला कोन, त्रिकोण, समांतर, लंब, एकरूप आणि समरूप यांची चिन्हे पुरतात. संचांच्या प्रकरणाला छेद, संयोग, घटक आणि उपसंच. प्रकरण ठरवणाऱ्याला हे आधीच माहीत असते, मग ती आठ-दहा बटणे उत्तराच्या चौकटीवर ठेवायला काय हरकत आहे? हस्ताक्षर ओळखणारी साधनेही जोडीला असावीत. ती अजून पाचाचा इंग्रजी ‘एस’ करतात, म्हणून अंतिम शब्द त्यांचा नसावा.

आणि उत्तर यंत्र तपासणार असेल तर त्याने उजळणी करून दाखवावी. ‘मी हे असे वाचले’ म्हणून पूर्ण मांडणी समोर ठेवावी, मुलाने होकार दिल्यावरच ती स्वीकारावी. वजाबाकीचे खरे चिन्ह आणि शब्द जोडणारी छोटी रेघ, गुणाकाराची फुली आणि तारा, कंसाबाहेरचा दोन आणि कंस सोडवून लिहिलेले रूप, यांत गणिती फरक नसेल तिथे यंत्राने फरक करू नये. रिकामी जागा जास्त पडली म्हणून बरोबर उत्तर लाल होते, तेव्हा मूल त्यातून काय शिकते? आपले गणित चुकले असावे, हेच.

हे घडवून आणणे कोणाच्या हातात आहे याचाही एक दाखला इतिहासात आहे. कलनशास्त्रात न्यूटनच्या टिंबांचा अभिमान धरून इंग्रज गणितज्ञ शतकभर लायब्निझच्या अधिक सुटसुटीत चिन्हांपासून दूर राहिले आणि युरोपच्या मागे पडले. केंब्रिजमध्ये बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तरुणांनी १८१२ साली त्याविरुद्ध संस्था काढली, पाठ्यपुस्तकाचे भाषांतर केले. पण पारडे फिरू लागले ते १८१७ साली, पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने प्रश्नपत्रिकेतच नवी चिन्हे वापरली तेव्हा. विद्यार्थ्यांच्या तक्रारींनी जे होत नाही ते प्रश्न काढणारा एका बैठकीत करू शकतो.

म्हणून माझी मागणी प्रश्न काढणाऱ्यांकडे आहे. टाइप केलेला गृहपाठ देण्याआधी त्यातले सर्वांत लांब उदाहरण तुम्ही स्वतः, विद्यार्थी वापरतो त्याच चौकटीत आणि शक्यतो मोबाइलवर, एकही पायरी न गाळता लिहून पाहा. उदाहरण सोडवायला लागला त्याहून जास्त वेळ ते उमटवायला लागला, तर तो गृहपाठ कागदावर घ्या आणि चौकट बनवणाऱ्याला ती दुरुस्त करायला सांगा.